छत्रीनं मारलेलं डुक्कर

भात पिवळं पडायला लागलं की मला रक्ताचा वास येतो. ही काही कवितेतली उपमा नव्हे. खरोखर नाकाला येतो. आश्विनातलं ऊन पाठीवर चटके देत असतं, भाताच्या कुणग्यांतलं, म्हणजे शेताच्या तुकड्यांतलं, पाणी आटून चिखलाला भेगा पडू लागतात, लोंब्या एकमेकींवर घासून सळसळतात. जगातल्या सज्जन माणसांना तेव्हा नव्या तांदळाच्या पेजेचा वास येतो. मला मात्र तांब्याच्या भांड्यासारखा, किंचित गोडसर, नाकाच्या मागे चिकटून बसणारा तो दुसरा वास येतो. बायको म्हणाली, "तपकीर सोडा." सोडून पाहिली. तपकिरीचा अडसर गेल्यामुळे वास उलट अधिकच स्वच्छ येऊ लागला.

यंदा तर तो फारच आला, कारण चार दिवसांपूर्वी सकाळी शाळेमागचा कुणगा उधळलेला सापडला. नांगर फिरवावा तशी जमीन उकरलेली, लोंब्या चिखलात तुडवलेल्या, आणि सगळीकडे दुभंगलेल्या खुरांचे ठसे. रानडुकरं! तब्बल दहा-बारा वर्षांनी! सारं हेदकोंड बघायला लोटलं. बायकांनी डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मात्र ठशांपाशी उकिडवा बसून हसत होतो.

"मास्तरांस काय झाला?" कुणीतरी विचारलं.

"काय होतंय?" मागून पारूचा आवाज आला. "जुनी वळख निघाली आसंल."

पारू म्हणजे गुणाजीची बायको. तिची आणि डुकरांची ओळख माझ्यापेक्षा जवळची आहे. ती कशी, तेच सांगायला बसलो आहे.

हेदकोंड म्हणजे चिपळुणाहून निघालं तर दिवसभराची चाल. समोर सह्याद्रीची भिंत, खाली नदी, मध्ये तीस-पस्तीस घरं. मी इथे एका वर्षापुरता शाळामास्तर म्हणून आलो आणि इथलाच होऊन गेलो. शिमग्यातल्या खेळ्यांत संकासुराचं सोंग माझ्याकडे असतं. काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. शाळेत मला कोणी भीत नाही, ती कसर त्या दिवसांत भरून निघते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका कठीण क्षणी माझ्यातला मास्तर गप्प राहिला आणि संकासूर बोलला.

आमच्याकडचा हा मोसम मुळातच मारहाणीचा. भात कापायचं, आवळून बांधायचं आणि मग झोडायचं. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची आणि दगडावर दाणकन आपटायची. दाणा गोडीगुलाबीनं सुटत नाही. मार खाल्ला की सुटतो. विळा चालत असतो तेव्हा लोंबी कुठली आणि करंगळी कुठली हे तो पाहत नाही. दर वर्षी दोन-चार बोटांना फडकी बांधलेली असतात आणि बाया त्या फडक्यांसकट हसत असतात. शहरातले लोक सुगीला मंगल वगैरे म्हणतात, त्यांनी एकदा खळ्यावर येऊन उभं राहावं. कानठळ्या बसतील.

पण ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी या मारहाणीला डोंगरावरून साथ होती. वरचं सरकारी रान कोळशासाठी एका मुंबईच्या मक्तेदाराला दिलं होतं. उजाडलं की कुऱ्हाडी सुरू. हेद, ऐन, किंजळ, जांभूळ, जे उभं दिसेल ते आडवं. असाण्याच्या झाडाला कुऱ्हाड लागली की तांबडा चीक वाहतो. अशी पन्नास झाडं एका उतारावर वाहताना मी पाहिली आहेत. उतार खाटकाच्या दुकानासारखा दिसत होता. एका मजुरावर ऐन कोसळला. त्याला खालून काढायला सकाळ गेली, आणि तोवर काढण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. दुपारी त्याच ऐनाचे तुकडे करून भट्टी लावली. मग गाड्याच्या गाड्या कोळसा गोवळकोटच्या बंदरावर, तिथून गलबतात, आणि गलबतातून मुंबईच्या चुलींत.

त्या गाड्यांसाठी सरकारनं एका उन्हाळ्यात डोंगरापर्यंत रस्ता बांधून दिला. आम्ही नदीवर एक साकव मागत होतो. चार लाकडं आडवी टाकायची, एवढंच काम. पावसाळ्यात पलीकडची पोरं शाळेत येऊ शकत नव्हती. आमचे अर्ज जायचे आणि उत्तर यायचं, "तूर्त विचार नाही."

रान तुटलं तसं रानातलं सगळं खाली आलं. बिबट्यानं बाबाजी मानकऱ्याचं वासरू गोठ्यातून ओढून नेलं आणि मागे फक्त दावं ठेवलं, गाठीसकट. सांबरानं नाचणी खाल्ली. पण खरा कहर डुकरांचा. कळपच्या कळप यायचे. एका फेरीत आख्खा कुणगा संपायचा. खाणं थोडं, तुडवणंच फार.

आणि नेमकी त्याच वेळी गावाची बंदूक गावात नव्हती.

गावाची म्हणजे गुणाजीची. ठासणीची जुनी बंदूक, त्याच्या आजापासूनची, रीतसर परवान्याची. एकदा त्यानं शेतात एका डुकरावर गोळी घातली. डुक्कर शहाणं. मरायचं ते शेतात मरावं, तर धावत जाऊन सरकारी रानाच्या हद्दीत मेलं. मक्तेदाराच्या माणसांनी तक्रार केली. राखीव रानात शिकार! गुणाजीचा परवाना गेला आणि बंदूक रत्नागिरीच्या कचेरीत जमा झाली. मक्तेदाराच्या माणसांकडे मात्र तीन बंदुका. भट्ट्यांच्या रक्षणासाठी. कोळसा डुकरं खात नाहीत, हे बहुधा वर कोणाला ठाऊक नसावं.

गुणाजीचे कुणगे रानाला अगदी लागून. आदल्या वर्षी त्याच्या हाती नुसता पेंढा आला. यंदाही तेच झालं तर तो मुंबईच्या गिरणीत जाणार, हे ठरलं होतं. गावातले निम्मे पुरुष तिकडेच होते. पारू एकदा शाळेच्या पडवीत येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमी कागद लिवतास ना मेंबरास? आजून एक लिवा."

"काय लिहू?"

"लिवा का बंदूक आली नाय तर ह्ये मुंबैला जातील. माज्या मावशीचा घोव ग्येला. तीन वर्सांनी आला त्यो खोकत आला. आनि पंधरा दिसांत ग्येला." तिनं पदर कमरेला खोचला. "डुकरापास्नं वाचवायला बंदूक लागते. गिरनीपास्नं वाचवायला काय लागता त्या मेंबरासच इचारा."

मी लिहिलं. सुंदर अक्षरात.

मेंबर म्हणजे तात्यासाहेब. चिपळुणातले वकील, आणि आमच्या उत्तरेकडच्या तालुक्यांचे मुंबईच्या कौन्सिलातले मेंबर. दक्षिणेकडच्यांना बंदरं होती, आंबे होते, रत्नागिरीची कचेरी हाकेवर होती. आमच्या उत्तरेच्या वाट्याला डोंगर, डुकरं आणि तात्यासाहेब. वेताच्या काठीसारखे सडपातळ, आवाज बारीक, आणि बाराही महिने काखेत काळी छत्री. पक्के शाकाहारी. अंगावरचा डास मारायचा झाला तरी आधी त्याला दोनदा हाकलून पाहायचे.

ते कौन्सिलात उभे राहून विचारायचे. कोळशाच्या रस्त्याला पैसे आहेत, मग साकवाला का नाहीत? मक्तेदाराला तीन बंदुका, मग शेतकऱ्याला एक का नाही? रान किती तोडणार, आणि त्यातली जनावरं कुठे जाणार, याचा विचार कोणी केला आहे का? प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं. सरकारकडे या बाबतीत माहिती नाही.

"मास्तर, माझं निम्मं आयुष्य या उत्तरापुढे गेलं," असं ते मला म्हणाले, ते स्वतः डोळ्यांनी बघायला आले त्या संध्याकाळी. दिवसभर चालून आले होते. पाय दगडावर टेकवून, छत्री मांडीवर आडवी ठेवून शाळेच्या पडवीत बसले होते. गाव भोवती जमलं होतं. "मी म्हणतो डुकरं आहेत. ते म्हणतात माहिती नाही. आता डुकराला काय शपथेवर उभं करू?"

सगळे हसले. तात्यासाहेब हसले नाहीत. "आणि खरं सांगतो, मला डुकरांचा राग येत नाही. त्यांचं घर कोणी पेटवलं ते विचारा."

गुणाजी खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "त्यांचा घर पेटला ह्या खरा, सायेब. पन जेवाया आमच्याकडंच कशाला? मक्तेदाराकडं जावं की."

"सायबाकडं जावं," बाबाजी मानकरी म्हणाला. "थयं खुर्चीवर बसवून वाढतील."

बाबाजी हा गावच्या पारधीचा मुख्य. त्यानंच ठरवलं की उद्या सकाळी पारध करायची. मेंबरांना डुकरं दाखवायची तर शेतातल्या उकरल्याच्या खुणा कशाला, जिवंतच दाखवू. बंदूक नाही? भाले आहेत, कुऱ्हाडी आहेत, कुत्रे आहेत, ढोल आहे. आणि संकासुराचे घुंगरू आहेत, असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला दोनदा विचारावं लागत नाही.

आमच्या पारधीची एक रीत आहे. तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून नीट सांगतो. मांसाचे वाटे जागच्या जागीच पडतात. पहिला वाटा देवीचा. मग रान उठवणाऱ्या प्रत्येक हाकेकऱ्याचा, कुत्र्यांचा, बंदूक असेल तर बंदुकीचासुद्धा. वाटे पडताना जो तिथे हजर असेल, मग तो नुसता वाटेनं चाललेला परगावचा माणूस का असेना, त्यालाही वाटा मिळतो. आणि मुंडी मिळते पहिला घाव घालणाऱ्याला. मुंडीचा मान मोठा आणि जोखीमही मोठी, कारण पारधीबद्दल उद्या कोणी जाब विचारला तर तो मुंडीवाल्यानं द्यायचा. बाईनं पारधीत हत्यार उचलायचं नाही, हीही रीतच. का, ते कोणाला ठाऊक नाही. विचारलं तर बाबाजी म्हणतो, "आजान् सांगितलान."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन नुकतं चढत असताना, आम्ही हाका घातला.

मी काय दिसत होतो! काळा झगा गुडघ्यापर्यंत खोवलेला, टोपी डोक्याला घट्ट बांधलेली, कमरेचे घुंगरू छनछनताहेत आणि तोंडानं अशा आरोळ्या, की पुढचे आठ दिवस शाळेत मला नुसत्या खाणाखुणांनी शिकवावं लागलं. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं, पुढे कुत्रे, मागे ढोल. आम्ही तुटलेल्या रानाच्या कडेनं करवंदीच्या जाळ्या झोडत खाली सरकत होतो. खाली गुणाजीचा शेवटचा कुणगा. त्याच्या वर जांभ्या दगडांचा गडगा, नुसते दगडावर दगड रचलेली कंबरभर भिंत. गडग्यात एक खिंड होती आणि डुकरं तिथूनच निसटणार होती. तिथे गुणाजी भाला रोवून उभा. आणि गडग्यावर, सगळ्यांत सुरक्षित जागी म्हणून, आम्ही तात्यासाहेबांना उभं केलं होतं. एका हातात वही आणि दुसऱ्यात उघडी छत्री, उन्हासाठी.

एकच निघालं. पण काय निघालं! जाळी आतून फुटली. काळं, ओलं, खांद्यावरचे केस उभे, तोंडाला फेस आणि फेसातून वर आलेले दोन सुळे. पहिला कुत्रा त्याच्या कानाला भिडला. डुकरानं नुसती मान उडवली. कुत्रा हवेत गेला आणि खाली आला तेव्हा त्याची आतडी त्याच्याआधी जमिनीला लागली. दुसऱ्याची पाठ मोडली. तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तरीही त्याच्याकडेच जात होता, भुंकत. ते भुंकणं मी अजून ऐकतो.

मग ते खिंडीत शिरलं. गुणाजीनं भाला नेमका धरला होता, पण टोक खांद्याच्या जाड कातड्यावरून घसरलं. काठी कडाडून मोडली. डुक्कर त्याच्या अंगावरून गेलं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत मांडी अशी उघडली की आतलं पांढरं दिसलं, क्षणभर, स्वच्छ. मग ते पांढरं तांबड्यानं भरून गेलं. गुणाजी ओरडला नाही. "आता गेला," एवढंच म्हणाला, डुकराबद्दल की पायाबद्दल कोण जाणे.

पण डुक्कर गेलं नव्हतं. ते वळलं. पडलेल्या माणसावर पुन्हा येतं ते, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. मी धावलो. घुंगरू पायात अडकले आणि मी तोंडावर पडलो. इथे एक कबूल करतो, मी पडलो नसतो तरी वेळेवर पोचलो नसतो.

त्याच वेळी गडगा ढासळला. दगडांसकट तात्यासाहेब खाली आले. छत्री अजून उघडीच. ते चिखलात बसले आणि छत्री पुढे धरून त्यांनी डोळे घट्ट मिटले. काळी गोल वस्तू एकदम समोर फुगलेली पाहून डुक्कर बिथरलं आणि गुणाजीला सोडून छत्रीवर गेलं. कापड टरकन फाटलं, काड्या वाकल्या, आणि छत्रीचं लोखंडी टोक त्याच्या नाकपुडीत शिरलं.

आणि त्या एका थबकण्यात पारू पोचली.

ती खालच्या कुणग्यात लवकर पिकणारं हळवं भात कापत होती. विळा टाकून तिनं कोयती उचलली होती, झाडांच्या डहाळ्यांची कवळं तोडायची, जड पात्याची. तिनं पहिला घाव मानेवर घातला. दुसरा त्याच जागी. तिसऱ्याला डुकराचे पुढचे पाय दुमडले. चौथ्याला ते कुशीवर पडलं. पाचवा, सहावा, सातवा. रक्ताच्या चिळकांड्या तिच्या तोंडावर, तात्यासाहेबांच्या धोतरावर, पिवळ्या लोंब्यांवर. डुक्कर मेलं होतं, पण तिचा हात थांबत नव्हता. प्रत्येक घावाबरोबर ती काहीतरी म्हणत होती. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. "जातास? मुंबैला जातास? जा! जातास?"

मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. संकासुराला पाहून बाया किंचाळतात. ती मात्र मी कोण हेच न कळल्यासारखी बघत राहिली. मग कोयती तिच्या हातून पडली. तिनं पायानं ती चिखलात दाबली, खोल, आणि नवऱ्याकडे धावली. पदर फाडून मांडी आवळू लागली.

त्याच क्षणी गडग्यावर जंगल खात्याचा शिपाई उगवला. कुत्र्यांचा गलका ऐकून आला होता. खाकी डगला, हातात दंडुका.

"कोणी मारलं हे?"

ढोल थांबला. सगळे चिखलाकडे बघू लागले. गुणाजी आधीच गुन्हेगार. त्याचं किंवा त्याच्या घरातलं नाव शिपायाच्या वहीत गेलं असतं तर बंदूक कायमची गेली असती, वर तुरुंग. बाबाजीला दुसरीच काळजी. बाईच्या हातून पारध झाली म्हटल्यावर देवीपुढे काय सांगायचं?

"विचारतोय मी. पहिला घाव कोणाचा?"

मास्तर असता तर म्हणाला असता, "मला माहीत नाही." पण अंगावर झगा होता ना! मी पुढे झालो, घुंगरू एकदा खणखणवले, हात वर केला, आणि शिमग्यात राजाची स्वारी पुकारतात त्या आवाजात गरजलो, "पहिला घाव कौन्सिलचे मेंबर तात्यासाहेब यांचा! छत्रीनं!"

शिपायानं पाहिलं. तात्यासाहेब चिखलातून उठत होते. नखशिखान्त रक्तानं माखलेले, हातात छत्रीचा सांगाडा आणि टोकावरून रक्त ठिबकतंय.

"आणि हे मानेवरचे घाव?"

"ते मागाहून. मेलेल्याला कोण मारत नाही?"

शिपायानं तात्यासाहेबांकडे वळून विचारलं, "साहेब, खरं का?"

तात्यासाहेबांनी चष्मा शोधला, धोतराला पुसला, तो अधिकच तांबडा झाला, तसाच डोळ्यांवर चढवला. पारूकडे पाहिलं. गुणाजीच्या मांडीकडे पाहिलं. मग त्या बारीक आवाजात म्हणाले, "घ्या लिहून." आणि बाजूला जाऊन ओकले.

वाटे तिथेच पडले. बाबाजीनं मांडी घालून, तोंडानं देवीचं नाव घेत, पानांवर ढीग लावले. देवीचा. हाकेकऱ्यांचे. मेलेल्या कुत्र्यांचेसुद्धा, ते त्यांच्या धन्यांना. हजर म्हणून शिपायालाही एक आला. "मी सरकारी माणूस," तो म्हणाला. "सरकारी मानसास भूक नाय?" बाबाजीनं विचारलं. त्यानं इकडेतिकडे पाहून पुडी डगल्यात घातली. शेवटी बाबाजीनं आणखी एक ढीग काढला.

"हा कोणाचा?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"बंदुकीचा."

"बंदूक तर रत्नागिरीत आहे!"

"मग?" बाबाजी म्हणाला. "मानूस मुंबैला ग्येला म्हनून त्याचा वाटा कोन बुडवता काय? तुमी जातास ना रत्नागिरीस? न्या तिच्यापाशी."

मला वाटलं तात्यासाहेब पुन्हा ओकणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण प्रकाश पडला होता. कौन्सिलात इतकी वर्षं शोधत असलेला मुद्दा त्यांना केळीच्या पानावर मिळाला होता.

गुणाजीला डोलीतून चिपळुणास डॉक्टरकडे नेलं. आणि आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं रत्नागिरीस निघालो. मांडीवर मीठ-हळद चोळलेली मुंडी एका पाटीत, वर केळीची पानं, शेजारी बंदुकीची पुडी. सोवळ्यातला तो माणूस ती पाटी कोणाला हात लावू देईना. "मान माझा आहे, मास्तर." घाटात मोटार हिंदकळली, पान सरकलं आणि एक सुळा बाहेर डोकावला. शेजारच्या बाईनं विचारलं, "फणस का हो?" तात्यासाहेब म्हणाले, "हो. जरा जून आहे."

कचेरीतल्या साहेबाचं नाव सांगत नाही. माणूस वाईट नव्हता. त्याच्या भिंतीवर शिंगं होती, कातडी होती, मेलेल्या जनावरांचे काचेचे डोळे होते. तात्यासाहेबांनी पाटी त्याच्या टेबलावर ठेवली, कागदांवरच, आणि पानं बाजूला केली.

"सरकारकडे माहिती नव्हती," ते म्हणाले. "ही माहिती."

साहेब उठून उभा राहिला. मी कोपऱ्यात. सांगायला लाज वाटते, पण मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

"राखीव रानाच्या कडेला मी हे मारलं. खटला भरा. कोर्टात मी विचारीन की हे डुक्कर भातात काय करत होतं, आणि त्याचं रान कुठे गेलं. साक्षीला तुमचा शिपाई बोलवा. त्यानंही आपला वाटा खाल्ला आहे."

"कशानं मारलं?" साहेबानं विचारलं. त्याची नजर सुळ्यांवर होती, आणि त्या नजरेत शिकाऱ्याची असूया होती.

"छत्रीनं."

साहेब हसला. हसताहसता त्याला खुर्चीत बसावं लागलं. डोळे पुसले आणि मग त्या दुसऱ्या पुडीकडे बोट केलं.

"हा तुमच्या कोठडीतल्या बंदुकीचा वाटा. हेदकोंडच्या गावकऱ्यांनी पाठवला आहे."

"बंदूक मांस खाते?"

"नाही ना, साहेब. म्हणून म्हणतो, ती परत पाठवा. तिच्या वाट्यावर जगणारे तिकडे आहेत."

खटला झाला नाही. कौन्सिलच्या मेंबरानं छत्रीनं डुक्कर मारलं, हे कोर्टाच्या कागदावर आणायला कोणाचीच छाती झाली नाही. बंदूक परत आली. झोडणी उरकल्यावर, म्हणजे डुकरांनी खायचं ते खाल्ल्यावर. पण आली. गुणाजी मुंबईला गेला नाही. तसा तो आता गिरणीच्या कामाचाही राहिला नव्हता, एक पाय कायमचा आखडला. लंगडत शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढायचा आणि बंदूक ठासून बसायचा. पुढची दोन-तीन वर्षं त्या बंदुकीनं आपले जुने सगळे वाटे वसूल केले. आम्ही इतकं डुक्कर खाल्लं की पोरांनी आमटी मागितली.

साकव मात्र झाला नाही. आणि रान तुटत राहिलं. तात्यासाहेब प्रश्न विचारत राहिले, पण दर वेळी काही मुंडी नेता येत नाही. मक्ता संपला तेव्हा डोंगर माझ्या हनुवटीसारखा झाला होता, खरबरीत आणि करडा. मग डुकरं आली नाहीत. बिबट्या नाही, सांबर नाही. पहिल्या वर्षी आम्ही आनंदानं ढोल वाजवला. दुसऱ्या वर्षी गुणाजी माळ्यावरून उतरून म्हणाला, "मास्तर, गप गप वाटता वो." पुढे उन्हाळा लागायच्या आत नदी आटू लागली, आणि मग गप्प का वाटतं ते सगळ्यांना कळलं.

म्हणून त्या सकाळी खुरांचे ठसे पाहून मी हसलो. मक्ता गेला, झुडपं वाढली, आणि खुंटांना फुटवे येऊन ते आता माणसाच्या दीडपट उंच झाले आहेत. कोणाला तरी तिथे पुन्हा राहावंसं वाटलं. सांगितलं नाही तर पोट फुगेल म्हणून दुसऱ्याच दिवशी चिपळूण गाठलं.

तात्यासाहेब आता थकले आहेत. निवडणुकीत पडले, त्यालाही बरीच वर्षं झाली. ओटीवर आरामखुर्चीत बसले होते, पाय घोंगडीत. मी उभ्या उभ्याच पुकारलं, "डुकरं आली!"

"आली?" ते सरळ बसले. "मग रान आलं." आणि समाधानानं मान हलवली.

मी नेहमीप्रमाणे ती जुनी गोष्ट काढली. छत्रीचा घाव, साहेबाचं हसणं. अनेक वर्षं मी ती त्यांच्यासमोर अशीच सांगत आलो आहे आणि ते ऐकून लाजल्यासारखे हसत आले आहेत. मला वाटायचं, बिचाऱ्यांनी डोळे मिटले होते, त्यांना खरंच वाटतं आपणच मारलं. म्हाताऱ्याचं हे सुख कशाला मोडा? गावातही कोणी मोडलं नाही.

गोष्ट संपल्यावर ते उठले, आत गेले आणि एक कागदाची पुडी घेऊन आले.

"मास्तर, आवाज उत्तम लावला होतात त्या दिवशी. नाटकात असतात तर नाव काढलं असतंत."

"मी कुठे—"

"अहो, मी डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. छत्रीनं डुक्कर मरतं होय? आणि सात वेळा 'मुंबईला जातास' असं काय डुकराला विचारतात?" त्यांनी पुडी माझ्या हातात ठेवली. आत दोन सुळे होते, जुने, हस्तिदंतासारखे पिवळे. "साहेबानं भिंतीसाठी मागितले होते. दिले नाहीत. ज्याचे त्याला द्या. मी नुसते सांभाळले."

काल दुपारी मी ते खळ्यावर घेऊन गेलो. पारू भात झोडत होती. आता केस पिकलेत, पण हात तोच. गुणाजी बाजूला पेंढ्या पुढे सरकवत बसला होता, आखडलेला पाय लांब करून. मी पुडी सोडून दोन्ही सुळे तिच्या ओल्या तळव्यावर ठेवले आणि तात्यासाहेबांचा निरोप सांगितला. अक्षरशः तसाच, एकही शब्द न वाढवता. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

तिनं एक सुळा उलटसुलट पाहिला. बोटानं टोक दाबलं. नवऱ्याच्या मांडीकडे एक नजर टाकली, मग पुन्हा सुळ्याकडे.

"एवढासाच व्हता?" ती म्हणाली.

दोन्ही सुळे तिनं कनवटीला खोवले, दोन्ही हातांनी पेंढी डोक्यावर उचलली आणि दगडावर अशी आपटली, की दाणे माझ्या तोंडावर उडाले.